गळालेला 'सि'

हँडल फिरवल्याशिवाय मी कधी तोंड उघडलं नाही. पण हल्ली कोणी फिरवतच नाही, म्हणून आपलं आपणच सुरू करतो. मी सायक्लोस्टाईलचं यंत्र. पोटात शाई, अंगावर अक्षरं कोरलेला मेणकागद, आणि एका फेरीला एक पान.

दार-ए-सलामच्या एका कायदाशाळेत मी आलो तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. गावोगावच्या लहान कोर्टांना न्यायाधीश हवे होते, पुस्तकं मात्र सगळी इंग्रजीत. मग न्दिम्बो मास्तर स्वाहिलीत टिपणं लिहायचे, टायपिस्ट किबासा ती मेणकागदावर टाइप करायचे, आणि मी छापायचो. अख्ख्या वर्गाचं पाठ्यपुस्तक म्हणजे मीच! गर्व होता हो मला.

हँडल फिरवायला नवीनच आलेल्या सिकुजुआबाई. 'सिकुजुआ' म्हणजे 'मला ठाऊक नव्हतं'. दिवस गेल्याचं आईला फार उशिरा कळलं, म्हणून हे नाव. बाईंना हँडल सोडून त्या वर्गात बसायचं होतं. त्यांचा अर्ज मास्तरांच्या टेबलावर पडून होता. शाई वाळेपर्यंत त्या प्रत्येक पान वाचून काढत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"किबासाभाऊ, इथं 'सि' गळलाय."

"कुठला सि?"

"'सि लाझिमा' पाहिजे. आरोपीनं स्वतःला निर्दोष ठरवणं गरजेचं नाही. इथं नुसतं 'लाझिमा' आहे. म्हणजे गरजेचंच झालं की!"

किबासा खो खो हसले. "नावच 'ठाऊक नव्हतं', आणि निघाल्या मला शिकवायला! अहो, गेल्या वर्षीचाच मेणकागद आहे हा. साठ जण यावर पास झाले. फिरवा मुकाट्यानं, नाहीतर तुमचा तो अर्ज गेला केराच्या टोपलीत."

"जाऊ दे. चुकीचं पान मी काढायची नाही."

बाईंनी हँडल सोडून दिलं.

आरडाओरडा ऐकून मास्तर आले. त्यांनी पान वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. "गेल्या वर्षी हेच छापलं?"

ती साठ पानं मीच छापली होती, एकसारखी, सुबक. आणि ते साठही जण आता कुठे ना कुठे न्यायाला बसले होते.

"बाई, तुम्हाला कसं दिसलं हे?"

"माझ्या नावातलं पहिलंच अक्षर आहे ते, मास्तर. जन्मभर त्याच्यापायी चिडवून घेतलंय. नजरेतून सुटेल कसं?"

किबासांनी मान खाली घालून नवा मेणकागद टाइप केला. त्या दिवशी वर्गाच्या पानांबरोबर मी साठ दुरुस्तीपत्रंही छापली. पंधरवड्यानं डोंगराकडच्या एका कोर्टातून उत्तर आलं. 'मास्तर, मला ठाऊक नव्हतं. शेळी चोरली नाही हे एकाला सिद्ध करता आलं नाही, म्हणून मी त्याला आत टाकलाय. कागद आजच वरच्या कोर्टाकडे पाठवतो.' बाई माझ्यावर हात ठेवून रडल्या. तो माणूस सुटला, पण सात महिने आत काढून. ते सात महिने मला अजून खुपतात.

मास्तरांनी बाईंचा अर्ज मंजूर केला. निरोपाला किबासा कान पकडून म्हणाले, "आता 'सि' काढून टाका. नुसतं कुजुआ म्हणू तुम्हाला." कुजुआ म्हणजे जाणणं.

"नको हो भाऊ," बाई हसल्या. "राहू द्या. न्यायाला बसल्यावर तोच उपयोगी पडेल."

आता मी काचेआड आहे. पोरं-पोरी मोबाईलवर माझा फोटो काढतात, हे कसं चालायचं म्हणून विचारतात. पाटीवर माझं सालही लिहिलंय. बाईंचं नाव तेवढं राहून गेलंय. बाबांनो, जमलं तर तेही लिहा. आणि लिहिताना पहिलं अक्षर गाळू नका.