मामाची मांडी

आमच्या यांना बहिणीचं वेड आहे, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. आई गेल्यावर यांनी, म्हणजे सेवुगननी, धाकट्या तेन्मोळीला लहानाची मोठी केली, तिचं लग्न लावून दिलं आणि मगच स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं. तोवर मी माहेरी बसून केस पिकायची वाट बघत होते. तेन्मोळीला मुलगी झाली, तेव्हा तर यांचे पाय जमिनीवर ठरेनात. आमच्या तमिळ मुलखात, उसिलंपट्टीकडे, बाळाचे कान मामाच्या मांडीवरच टोचतात. मांडी ज्याची, तो जन्माचा मामा. पुढे तिच्या लग्नातही पहिला मान त्याचा. यांनी इवल्याशा सोन्याच्या कुड्या आधीच करून घेतल्या आणि कमरेच्या पट्ट्याच्या कप्प्यात ठेवल्या. शेतावर निघाले तरी कप्पा चाचपायचे.

"घरात कपाट आहे," मी म्हणायची.

"कपाटाला काय कळतंय मामा होणं?"

कान टोचायचं पंगुनी महिन्यात ठरलं. त्याआधीच गावात सिनेमावाले आले. गोष्ट भावाबहिणीचीच होती आणि त्यांनाही कान टोचण्याचा प्रसंग हवा होता. डायरेक्टरला तेन्मोळीची गुबगुबीत यालिनी पसंत पडली. तेन्मोळीचा नवरा सिनेमाचा चळ लागलेला, तो लगेच हो म्हणाला.

"नुसतं नाटक आहे हो मेव्हणे," त्यानं यांना समजावलं. "सुई टेकवायचीही नाही."

बाळ हिरोच्या मांडीवर बसणार आणि आमचे हे मागे डोक्यावर आहेराचं ताट घेऊन उभे राहणार. जागचं हलायचं नाही, अशी तंबी मिळाली होती. सोनार म्हणून आमच्या गावचे खरे सोनार नागलिंग आसारी यांनाच बसवलं होतं, आणि गर्दीला आम्ही गावच्या बायका.

नादस्वर सुरू झालं, ढोल घुमला आणि आम्ही सवयीनं जिभा हलवून लुलुलु केलं. खऱ्या कार्यात आसारी त्याच आवाजाची वाट बघतात. तो कानावर पडला आणि त्यांचा हात आपोआप चालला. सुई आरपार गेली.

यालिनीनं टाहो फोडला. आसारी आपल्याच हाताकडे बघत राहिले. डायरेक्टर मात्र आनंदानं उडालाच.

"झकास! आता दुसरा!"

मी मागे वळून पाहिलं. हे तसेच उभे होते, हलायचं नाही म्हटलेलं ना! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात ताटाला, म्हणून पुसता येत नव्हतं. एरवी मी यांची थट्टा करायची संधी सोडत नाही. त्या वेळी मात्र मी तेन्मोळीकडे बघितलं.

तेन्मोळी तरातरा पुढे गेली आणि तिनं हिरोच्या मांडीवरून लेक उचलली.

"अहो ताई, अर्धाच सीन झालाय!" डायरेक्टर ओरडला.

"तुमच्याकडे हिरो ढीगभर आहेत. मला भाऊ एकच आहे." मग ती यांच्याकडे वळली. "अण्णा, ठेव ते ताट. बस खाली."

"पण एक कान त्याच्याकडे गेला की गं," हे लहान पोरासारखे म्हणाले.

"गेला तो गेला. हा तुझा आहे. बसतोस, का आसारींना घरी पाठवू?"

हिरो भला माणूस. त्यानं स्वतः उठून पाट यांच्याकडे सरकवला. हे बसले, पोर मांडीवर घेतली. पट्ट्याच्या कप्प्यातून कुड्या काढल्या. आम्ही पुन्हा लुलुलु केलं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत वर होता. नणंद मला आवडते, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशी तिला कळलं असावं.

पुढे सिनेमा थिएटरात लागला. हिरोच्या मांडीवर बाळ रडतं आणि मागे ताटाखाली एक माणूस रडतो, एवढं डायरेक्टरनं ठेवलं होतं. आमच्या गावानं शिट्ट्या मारल्या त्या ताटाखालच्या माणसाला.

यालिनी आता शाळेत जाते. परवा मी एक गंमत सांगायला तिच्या डाव्या कानाशी वाकले, तर तिनं तो हातानं झाकला आणि उजवा पुढे केला.

"मामी, यात सांग. डावा मामाचा आहे."

ओसरीवर बसलेल्या यांनी ते ऐकलं आणि दिवसभर मला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.