दोन साडू आणि माझा एक पट्टा

मी बोलतोय, आणि रागाने बोलतोय. गोड आवाजात कहाणी ऐकायची असेल तर शेजारच्या वजनकाट्याकडे जा. तो सगळ्यांशी गोड बोलतो आणि सगळ्यांना कमी तोलतो.

मी साबण कापतो. कागदावर माझं नाव लिनियर अ‍ॅक्चुएटर असं लिहिलंय. ते म्हणता म्हणता दातखीळ बसते, म्हणून या कारखान्यात मला म्हातारा म्हणतात. म्हणोत बापडे. मी काही शिकलेला नाही. वर आणि खाली, एवढ्या दोनच इयत्ता झाल्या माझ्या, पण त्यांत कधी नापास झालो नाही.

माझी ठेवण साधी. एक उभा खांब, खांबाला रूळ, रुळावर गाडी आणि गाडीला टांगलेली तारांची जड चौकट. एक दातेरी पट्टा वरच्या आणि खालच्या चाकावरून फिरून येतो. त्याची दोन्ही टोकं गाडीच्या पाठीवर क्लॅम्पमध्ये आवळलेली. मोटर फिरली की पट्टा गाडीला वर ओढतो. खाली येताना तारा साबणाच्या लादीतून उतरतात, वड्या सुट्या होतात. सगळा भार पट्ट्याच्या दातांवर. तुम्ही तुमच्या दातांनी साधी दोरी सोडवायला जाता तेव्हा कशी तोंडं वेडीवाकडी करता, ते पाहिलंय मी.

कारखाना थोरलीचा. तिची धाकटी बहीण वड्या खोक्यांत भरते. दोघींचे नवरे, म्हणजे हे एकमेकांचे साडू, इकडून तिकडे जातात आणि तिकडून इकडे येतात. त्याला ते देखरेख म्हणतात.

मला बसवलं तेव्हा मेकॅनिकने थोरलीला सगळं दाखवलं होतं. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबायचा. किंचित आत गेला पाहिजे, लोंबता कामा नये. गाडी हाताने वरपासून खालपर्यंत फिरवून पुन्हा दाबून बघायचा. दातांत अडकलेला साबणाचा चुरा कोरड्या ब्रशने काढायचा. ती हे सगळं करायची. माझी तब्येत ठणठणीत होती.

मग काम वाढलं, थोरलीला मान वर करायला फुरसत मिळेना, आणि साडूंनी मला हातात घेतलं.

थोरलीचा नवरा आवळ्या. नाव मीच ठेवलंय. हा घरातल्या बाटल्यांची झाकणं अशी आवळतो की घरादाराने तहानलेलं राहावं. पट्टा जरा हलताना दिसला की खालच्या चाकाचा स्क्रू पिळून चाक त्याच्या खाचेत आणखी खाली ओढलंच. धाकटीचा नवरा ढिल्या. ताणलेला पट्टा मोटरचं बेअरिंग खातो, असं त्याने कुठेसं ऐकलेलं. तो गाडीच्या पाठीमागचा क्लॅम्प उघडायचा, पट्टा दातभर बाहेर सोडायचा, पुन्हा बंद करायचा. दोघांचं यावरून एकदा कडाक्याचं वाजलं. थोरलीने दोघांनाही बजावलं की मेकॅनिकशिवाय म्हाताऱ्याला कोणी हात लावायचा नाही. दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

आणि दोघेही चोरून हात लावत राहिले. एक जेवायला गेला की दुसरा पान्हा घेऊन हजर. हा खाली आवळतो, तो मागे सोडतो. ह्याला मागचं दिसत नाही, त्याला खालचं दिसत नाही. दोघेही मनातल्या मनात खूश की आपण गुपचूप कारखाना वाचवला. संताप संताप झाला माझा. अरे, भांडायचं तर उघड भांडा, माझ्या अंगावर कशाला?

खालचं चाक सरकत सरकत खाचेच्या टोकाला टेकलं. क्लॅम्पमध्ये पट्ट्याचे शेवटचे दोन दात उरले. आणि चौकट वर गेली की थोरली रोज तिच्याखाली हात घालून वड्या काढते.

मी सांगायचं ते सांगितलं. करकरलो. वड्या जाड-बारीक कापल्या. पांढऱ्या साबणावर पट्ट्याच्या रबराचा काळा चुरा सांडला. थोरलीने दोघांना विचारलंही. दोघे म्हणाले, आम्ही कशाला हात लावू. खोटं बोलताना एकाचीही पापणी हलली नाही.

त्या सकाळी लादी कापून झाली. मोटर सुरू झाली, गाडी वर निघाली. थोरली हात पुसत होती. अजून थोडं वर गेलो की तिचा हात खाली येणार, हे मला ठाऊक होतं. शेवटचे दात सुटत होते आणि मला ते आणखी धरवणार नव्हते. धरायचे तरी कशाला? मी सोडले. तेव्हाच, तिचा हात यायच्या आधी. चौकट धाडकन वड्यांवर आदळली, तारा तुटल्या, साबणाचा चेंदामेंदा झाला. थोरली जागच्या जागी उभी. हात पुसायचा फडका तसाच हातात.

दोघे साडू धावत आले. आवळ्या म्हणाला, "म्हाताऱ्याचं वय झालंय." ढिल्या म्हणाला, "भंगारात द्या." आजवर या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते नेमकं माझ्या मरणावर झालं.

थोरलीने मोटर बंद केली. तिने सुटलेला पट्टा उचलला. क्लॅम्पने चावल्याचे ओरखडे एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे उमटले होते. मग तिने वाकून खालचं चाक पाहिलं.

"हे कोणी आवळलं?"

तिने पट्ट्याचं टोक वर धरलं.

"आणि हे सोडलं कोणी?"

आता दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

"मी रोज तिथे हात घालते," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण धाकटीने हातातलं खोकं खाली ठेवलं.

नवा पट्टा आला, नव्या तारा आल्या. थोरलीने दोघांना माझ्यापुढे बसवलं आणि पट्टा त्यांच्याच हातून बसवून घेतला. क्लॅम्पमध्ये पट्ट्याची पुरेशी लांबी, खालचं चाक खाचेच्या मध्यावर, अंगठ्याने दाबून बघणं, सगळं. झाल्यावर ढिल्या उठायला लागला.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "अहो, तुम्हीही. पहिल्या फेरीला चौकटीखाली हात तुमचे."

काय सांगू. ढिल्याने स्वतः क्लॅम्पचा बोल्ट आवळला. आवळ्याने तो पुन्हा आवळला. मग एकमेकांना विचारून घेतलं, तू पाहिलंस ना, तुम्ही पाहिलंत ना. इतक्या प्रेमाने ते आपापल्या बायकांशीही कधी बोलले नसतील.

माझं मागणं फार नाही. मला हात लावाल तर सांगून लावा, आणि ज्याचा हात खाली जाणार आहे त्याला आधी विचारा. राग अजून गेलेला नाही. जायचाही नाही.

थोरलीने बटण दाबलं. मी नव्या पट्ट्यावर सुरळीत वर गेलो. खाली दोन हात, शेजारी शेजारी, घामाने ओले. पट्टा पक्का होता, कुठे काही अडत नव्हतं. तरी अगदी टोकाला पोचल्यावर मी जरासा करकरलो.

मुद्दाम.