उजवीकडचे फूल

मंगळवारी सकाळी प्राची राऊळ पाण्याच्या पंपाच्या घरघरीने जागी झाली. लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या या इमारतीत पंपाचा आवाज भिंतीतून अकराव्या मजल्यापर्यंत चढत येई. ती उशीवर तशीच पडून डाव्या हाताची बोटे एकेक करून अंगठ्याला टेकवत राहिली. करंगळीपाशी हात अडला, मग पोहोचला. उठून तिने दुधाची पिशवी उजव्या हाताने कापली, चहाचे आधण ठेवले, आले ठेचले. सासरे कुशाबा बाल्कनीत भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. नवरा धनेश ऑफिसच्या शर्टाला इस्त्री करत होता.

आधणाच्या तळाशी बुडबुडे धरू लागले आणि प्राची थांबली. एकेक बुडबुडा सुटत होता, वर येत होता, नाहीसा होत होता. हे पाणी, ही सकाळ आणि आपण यांच्यामध्ये कसलीच भिंत नाही, असे तिला वाटले. डोळे भरून आले. त्यात दुःख नव्हते.

"पाणी आटेल," धनेश मागून हळूच म्हणाला. त्याने गॅस बारीक केला. "चहापत्ती टाकू मी?"

"टाक."

नाश्त्याला घावन होते. प्राचीने ते खाल्ले, पण ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहिली. अपघातापासून तिला तिखट नकोसे झाले असावे, असे धनेश मनाशी धरून चालला होता.

गेल्या दिवाळीत कंदील टांगताना ती स्टुलावरून पडली होती. डोके खिडकीच्या चौकटीवर आपटले, मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साकळले आणि त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया करावी लागली. ती परळच्या एका शाळेत गणित शिकवत असे. देवापुढे दिवा ती लावायची, पण तो सासऱ्यांचे मन राखण्यापुरता. शुद्धीवर आली तेव्हा डावा हात जड झाला होता आणि जग जवळ आले होते. माणसे बोलण्याआधीच त्यांच्या मनावरचे ओझे तिला जाणवू लागले. सातव्या मजल्यावरचा दौलत ड्रिल मशीन मागायला आला, तेव्हा ती सहज बोलून गेली, "लांब जायचं ठरवलंयस, आणि घरी सांगितलं नाहीयेस." दौलत दारातच उभा राहिला. दुबईच्या नोकरीचे पत्र तेव्हा त्याच्या खिशात होते.

कुशाबांना एवढे पुरेसे होते. सून बेशुद्ध असताना त्यांनी गावच्या भगवतीला गाऱ्हाणे घातले होते, आणि देवीने तिला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही, याबद्दल त्यांची खात्री पटली. त्यांच्या गावात मोठा निर्णय घ्यायचा म्हणजे देवीला कौल लावायचा. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुंबईत मूर्ती नव्हती, सून होती. दर मंगळवारी सकाळी ते प्राचीला देव्हाऱ्यासमोर पाटावर बसवू लागले. तिच्यापुढे तांब्याचे ताम्हन ठेवत. त्यात उजवीकडे एक जास्वंद, डावीकडे एक. गाऱ्हाणे झाले की तिने डोळे उघडायचे आणि जे फूल खुणावेल ते उचलायचे.

प्राचीला आधी संकोच वाटला. मग तिला शेजारी दिसू लागले. या इमारतीत राहायला आल्यापासून सगळ्यांची दारे बंद असत. जुन्या चाळीतली माणसे लिफ्टमध्ये भेटली तरी मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत. आता मंगळवारी तिच्या दारात चपलांचा ढीग पडे आणि समोरची दारे उघडी राहत. शिवाय फूल तिला खरोखरच खुणावत असे. डोळे उघडताच ते लालभडक, एकटे, समोर आलेले असे.

"काकी, मला उजवा मिळालाय," दौलत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचा. "आता बायकोलाही तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही ती."

त्या मंगळवारी समोरच्या खोलीतल्या सुंदराबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, विधवा. मुलगा अजित पुण्याला. छातीत गाठ लागली होती आणि नाक्यावरच्या डॉक्टरांनी परळच्या इस्पितळात जाऊन तुकडा तपासून घ्या, असे सांगितले होते. त्यांना गावी जाऊन वैद्याचे औषध घ्यायचे होते.

त्या शेजारी टेकल्या तेव्हा प्राचीच्या अंगातून ओलसर गारठा गेला. ही बाई फार घाबरली आहे, एवढे तिला स्वच्छ कळले.

कुशाबांनी हात जोडले. "आई भगवती म्हाराजा, ही तुझी लेक सुंदरा तुझ्या पायाशी इली असा. कापाकापी न करता गावच्या औषधान बरी व्हतली असात, तर उजवो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले.

प्राचीने डोळे उघडले. समोर एकच फूल होते. तिने ते उचलले.

"उजवो," कुशाबा समाधानाने म्हणाले. सुंदराबाईंनी तिच्या पायांना हात लावला. प्राचीने पाय मागे घेतले. मघाचा गारठा अजून अंगात होता. पण फुलाने तर सांगितले होते. दुपारी सुंदराबाई बॅग भरायला लागल्याचे तिला जाणवले नाही, दिसले. त्यांनी दार उघडेच ठेवले होते.

गुरुवारी प्राचीची मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. धनेशने अर्धी रजा काढली. डॉक्टर बाईंनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर आखूड रेघा विखुरलेल्या होत्या. प्रत्येक रेघेवर एक फुली मारायची होती. वर्षानुवर्षे पेपर तपासलेल्या हाताने प्राचीने भराभर फुल्या मारल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

"सगळ्या झाल्या?"

"झाल्या."

डॉक्टरांनी कागद खालची बाजू वर येईल असा फिरवला. आता उजवीकडे आलेल्या कडेच्या सगळ्या रेघा कोऱ्या होत्या.

 प्राचीला पहिल्यांदा आठवली ती ताटात राहिलेली चटणी.

"डोळे ठीक आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू डावीकडची दखल घ्यायला थोडा विसरतो. बऱ्यापैकी सौम्य आहे, सरावाने सुधारतं. मान वळवून पाहायची सवय लावायची."

"म्हणजे माझ्यापुढे दोन वस्तू ठेवल्या, तर मला उजवीकडचीच दिसेल?"

"घाईत असाल, दमलेल्या असाल, तर बहुतेक वेळा. का?"

प्राचीने सगळे सांगितले: पाट, ताम्हन, फुले. धनेश खाली पाहत होता. डॉक्टर हसल्या नाहीत.

"आणि बाकीचं?" तिने विचारले. "माणसं कळतात मला. सकाळी पाणी उकळताना जे वाटतं, ते? तेही असंच कागदाची कडा राहून गेल्यासारखं?"

डॉक्टरांनी तिचा कागद फाइलला लावला. "मेंदूला इजा झाल्यावर काही जणांना असे अनुभव येतात. तुम्हाला जे वाटतं ते खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. ते नेहमी बरोबर असेल, असंही म्हणणार नाही. समोरच्या माणसाबद्दल काही वाटलं, तर त्यालाच विचारून बघा. तो सांगेल."

बाहेर पडल्यावर दोघे बसस्टॉपवर न थांबता चालत निघाले. प्राची दर थोड्या वेळाने मान डावीकडे वळवत होती. प्रत्येक वेळी तिथे काहीतरी निघत होते: उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, एक शिंप्याचे दुकान, धनेश.

"मी सगळ्यांना होकारच देत आलेय, धनेश. प्रत्येक वेळी. आणि मला वाटत होतं, फूल मला बोलावतंय."

"दौलतचं चांगलंच झालं की. गेला असता तसाही."

"सुंदरामावशी उद्या रात्रीच्या गाडीने गावी चालल्यात."

धनेश थांबला. हिशेबी माणूस होता तो, मार्ग पटकन शोधायचा. "सोपं आहे. आज संध्याकाळीच पुन्हा कौल लाव. मान वळव, डावं फूल उचल. देवीने मन बदललं म्हणायचं. बाबा खूश, मावशी इस्पितळात."

प्राची पुढे चालू लागली. ते खरेच सोपे होते. सुंदराबाई तिचे ऐकतील, चपलांचा ढीग राहील, दारे उघडी राहतील.

"आणि त्यानंतरच्या मंगळवारी काय करू? मग तर मला दोन्ही फुलं दिसत असतील."

"मग तू बघशील त्याप्रमाणे..." तो बोलता बोलता अडला.

"हो. मग मी ठरवणार, आणि नाव देवीचं."

थोडे पुढे गेल्यावर धनेश म्हणाला, "खरं सांगू? मला भीती वाटायची. तू शुद्धीवर आलीस, पण एकटी आली नाहीस, असं वाटायचं. घरात कुणीतरी पाहुणं असल्यासारखं."

"ते राहणार आहे रे. चालेल तुला?"

"चहा आटू दिला नाही म्हणजे चालेल."

घरी कुशाबा वाट पाहत होते. प्राचीने त्यांच्यासमोर ताम्हन ठेवले, त्यात फुलांच्या जागी दोन चमचे ठेवले, आणि डॉक्टरांनी काय सांगितले ते सावकाश समजावले. त्यांनी ऐकून घेतले. मग ताम्हन स्वतःच हळूहळू फिरवून पाहिले, जणू त्यात चूक दडली आहे.

"दर खेपेक उजवो," ते पुटपुटले. "माका वाटला, आई इतकी प्रसन्न झाली असा."

"माझंही तसंच झालं, बाबा."

"तू हंयसून गेल्यातच जमा हुतंस गो. माका वाटला, तिना तुका परत धाडल्यान ती कायतरी कामासाठी."

"धाडलं असेल. मीही ते नाकारत नाही. पण ते काम हे नसावं."

ते उठून बाल्कनीत गेले. पाठमोरेच म्हणाले, "सुंदराक मी सांगूचा, की तू?"

"मी सांगते. चूक माझ्या हातची आहे."

"गाऱ्हाणा माझा हुता," कुशाबा म्हणाले. पण ते तिच्याबरोबर आले नाहीत, आणि तिनेही आग्रह केला नाही.

सुंदराबाईंच्या खोलीत बॅग पलंगावर भरून तयार होती. प्राचीने आडपडदा न ठेवता सांगितले: ते फूल देवीने दिलेले नव्हते, डावीकडे दुसरे होते, तेच तिला दिसले नव्हते.

"म्हणजे आमका फसवलंस?"

"मीही फसले, मावशी. माफ करा."

"वा. आता माफी." सुंदराबाईंनी साडीची घडी उगाच पुन्हा घातली. "रमाबायच्या लेकीचा लगीन ठरला, दौलत दुबयक चललो, सगळ्यांचा भला झाला. माझ्याच वेळेक तुझो डोळो खराब."

 प्राची तिथेच खुर्चीवर बसून राहिली. सुंदराबाईंनी तिला जा म्हटले नाही.

"मग खरा काय ता सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "गाठ वायट असा काय?"

"मला माहीत नाही. ते फक्त तिथे तपासून कळेल. मंगळवारी तुम्ही माझ्याजवळ बसलात तेव्हा मला एवढंच वाटलं, की तुम्ही घाबरलाय. खूप. खरं आहे का ते?"

हातातली साडी मांडीवर ठेवून सुंदराबाई बसल्या. "घाबरान नाय तर काय? माझी आवय ह्याच दुखण्यात गेली. इस्पितळात गेली ती परत इली नाय." मग त्या म्हणाल्या, "अजिताकय सांगूक नाय मी. त्येका वाटता मी गावी आंबे खाऊक चललंय."

"म्हणून गावी चाललात?"

"गावात कोण तुकडो काढून बघना नाय." त्या किंचित हसल्या. "तुझा खरा. औषध म्हणजे निमित्त."

"मंगळवारी मी तुमच्याबरोबर येते. रांगेत बसू. निकाल काय येईल ते मी सांगणार नाही, सांगू शकत नाही. पण मी उठून जाणार नाही."

"मंगळवारी तुझ्या दारात माणसा येतली."

"येऊ देत. बाबा आहेत."

सुंदराबाईंनी बॅगेकडे पाहिले. मग चेन उघडून वरची शाल तेवढी बाहेर काढली. "थंय एसी असतलो," त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी दोघी लवकर निघाल्या. कुशाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्यांना ते आत बोलावत होते, चहा देत होते आणि आजपासून कौल नाही, असे सांगत होते. कुणी कारण विचारले की म्हणत, "आमची समजूत चुकली. बस, चाय घे." काही जण परत फिरले. काही बसले.

इस्पितळाची ओपीडी भरलेली होती. देशभरातून आलेली माणसे फायली कवटाळून बाकांवर बसली होती, आणि त्यांचे सगळे ओझे एकदम प्राचीच्या अंगावर आले.  तिने डोळे मिटले नाहीत. उजवीकडून पाहायला सुरुवात केली आणि मान वळवत, एकेका चेहऱ्यावर थांबत, डाव्या भिंतीपर्यंत पोहोचली. तिथे एक तरुण मुलगी कडेवरच्या बाळाला बिस्किट भरवत होती. बाळाने बिस्किट अर्धे चोखून आईच्याच तोंडात कोंबले, आणि ती हसली.  ओझे कमी झाले नव्हते. पण ते एकट्या प्राचीचे नव्हते, आणि त्यात हे हसूही होते.

सुंदराबाईंचे नाव पुकारले गेले. त्या शाल सावरत उठल्या.

"तू हंयच बस. माझा मी बघतंय."

प्राचीला आतून वाटले ते याच्या नेमके उलट. ती अर्धवट उठली, आणि थांबली.

"खरंच बसू?" तिने विचारले.

सुंदराबाईंनी दाराकडे पाहिले. मग मान हलवली, नाही.

प्राचीने त्यांची फाइल घेतली आणि दोघी आत गेल्या.