पिवळ्या भिंतीसमोरचा पडदा

मित्रांनो, मी पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाटकाचाही नव्हे, सिनेमाचा. आता जुना झालो आहे, कडा मळकट पडल्या आहेत, पण चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून ओढलेत तर आजही ताठ उभा राहीन. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला शिवणारा हातच तसा होता.

माझा जन्म तंबू शिवण्याच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबोडकी खोली. दुकानांवरची छते, ट्रकवरच्या ताडपत्र्या, मोटारींची कव्हरे, असे सगळे तिथे शिवले जाई. मालकीणबाईंना सगळे जण मावशी म्हणत. ज्यांची ती कोणीच लागत नव्हती तेसुद्धा. खरी भाची मात्र तिला एकच होती. वाक्य पुरे व्हायच्या आत ती दाराबाहेर पडलेली असे, म्हणून तिला सगळे घाईबाई म्हणत.

घाईबाईला छोटे सिनेमे करायचा नाद होता. तिचा मित्र कॅमेरा सांभाळी आणि टिपलेल्या तुकड्यांची काटछाट करून सिनेमाची जोडणीही करी. तो इतका उंच होता की त्याला नावच पडले होते शिडी. दोघांच्या भोवती आणखी पाच-सहा जणांचे टोळके होते. कोणी इस्त्रीवाल्यावर सिनेमा केला होता, कोणी दातांच्या डॉक्टरला घाबरणाऱ्या आपल्या भावावर. ही सगळी मंडळी कारखान्यातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून एकाच लॅपटॉपमध्ये माना खुपसून आपले सिनेमे पाहत.

एके दिवशी मावशी मशीन थांबवून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"अगं, माणसं केवढीशी दिसतात! मुंग्यांचा सिनेमा काढलाय का?"

"मावशी, मोठा पडदा कुठून आणायचा?" घाईबाई म्हणाली.

"आणायचा कशाला? मी इथे काय भजन करत बसलेय का?"

त्याच आठवड्यात मी शिवला गेलो. जाड पांढरे कापड, त्याला मागून काळे अस्तर, म्हणजे उजेड आरपार जायला नको. कापडाचा पन्हा अपुरा होता, त्यामुळे दोन पट्टे जोडावे लागले. पहिल्यांदा शिवण बरोबर मध्यावर आली. मावशीने लांब जाऊन पाहिले आणि म्हणाली, "छे! ज्याच्या त्याच्या नाकावरून रेघ जाईल." तिने सगळे उसवले आणि शिवण पार खाली नेली. मग कडेला पितळी कड्या ठोकल्या आणि खालच्या दुमडीत एक लांब दांडी घातली. शिडीने मला हात वर करून भिंतीवर टांगले. त्याला स्टूल लागले नाही.

तुम्हाला वाटत असेल, पडद्याने किती सिनेमे पाहिले असतील! मित्रांनो, मी एकही पाहिलेला नाही. चित्र माझ्या अंगावर पडते, मला ते कसे दिसणार? मला ऐकू सगळे येते, पण दिसतात ती समोर बसलेली माणसे. अंधारात आपल्याकडे कोणी बघत नाही असे समजून ती जशी बसतात तसे मी त्यांना पाहिले आहे. तोंड उघडे टाकून, नखे खात, शेजाऱ्याच्या खांद्यावर डोके टेकून. शाळेच्या सभागृहात, गॅरेजमध्ये, वाचनालयाच्या गच्चीवर, जिथे बोलावतील तिथे मी गेलो. लोक सिनेमाचे कौतुक करत आणि जाता जाता म्हणत, "पडदा मात्र झकास हं!" खोटे कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढायचे.

या सिनेमांमधला एक घाईबाईचा स्वतःचा होता. तो तिच्या आजीचा होता, म्हणजे मावशीच्या आईचा. आजीला म्हातारपणी विसर पडत चालला होता. ती रोज दुपारी कारखान्यात येई, पण मुलीकडे म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून. समोर आपली स्वतःची मुलगी बसली आहे हे तिला ओळखू येत नसे. घाईबाईने त्या सगळ्या दुपारी कॅमेऱ्यात टिपून ठेवल्या होत्या. आजी गेल्यानंतर तिने शिडीकडून त्यांचा सिनेमा जोडून घेतला. त्यातले बोलणे मला पाठ आहे.

"छत हवंय," आजी म्हणे. "माझ्या मुलीच्या दुकानाला."

"मुलगी काय करते तुमची?" मावशी विचारी.

"शिवते. हात चांगला आहे, पण माप घेताना डोकं ठिकाणावर नसतं."

"मग अशा मुलीला कामावरून काढूनच टाकायला हवं."

"खबरदार! मुलगी आहे ती माझी. तिला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तुम्ही कोण लागून गेलात?"

या सगळ्याच्या खाली घाईबाईने व्हायोलिनचे रडवे संगीत लावले होते. ते सुरू झाले की समोरची माणसे गंभीर व्हायची, रुमाल काढायची. मावशी दरवेळी शेवटच्या रांगेत बसे. या जागी ती दोन्ही हातांनी तोंड झाके आणि तिचे खांदे गदगदत. आजूबाजूचे लोक हळहळत, "बिचारी!" घाईबाईलाही वाटे, मावशी रडते आहे. मला मात्र समोरून दिसे. मावशी रडत नव्हती. पण पडद्याला कोण विचारतो?

मग एक दिवस समुद्रापलीकडच्या एका शहरातून बोलावणे आले. निरनिराळ्या देशांतल्या तरुण मुलांचे छोटे सिनेमे तिथल्या लोकांना दाखवायचे होते, दोन दिवस, दोन खेळ. आपल्या टोळक्याचे तीन सिनेमे निवडले गेले होते आणि त्यांत आजीचा होता. कारखान्यात एकच गलका झाला. शिडी आनंदाने उडी मारायला गेला आणि त्याचे डोके पंख्याला लागता लागता वाचले.

तिकडच्या आयोजक बाईंनी जागेचा फोटो पाठवला. मोठे सभागृह दुरुस्तीसाठी बंद होते, म्हणून खेळ वाचनालयाच्या अंगणात, भिंतीवर होणार होते. भिंत पिवळ्या विटांची होती.

मावशीने फोटो नाकाशी धरून पाहिला. "या भिंतीवर माझी आई कावीळ झाल्यासारखी दिसेल. आपला पडदा घेऊन जा."

"मावशी, एवढं ओझं विमानातून?"

"ओझं मी उचलीन. नाहीतरी बांधणार कोण? तुम्हाला साधी गाठ मारता येत नाही."

अशी मावशी आमच्याबरोबर निघाली. मला एका लांब नळीवर गुंडाळून, ताडपत्रीत बांधून सामानात टाकले. विमानाच्या पोटात फार थंडी असते, मित्रांनो, एवढेच मला प्रवासाबद्दल सांगता येईल.

त्या पिवळ्या भिंतीसमोर मावशीने मला असे काही ताणले की अंगावर एक सुरकुती राहिली नाही. आयोजक बाई येऊन मला हात लावून गेल्या. दुभाषी म्हणून काम करणारी एक शिक्षिका होती. ती लहानपणी आपली भाषा बोलत मोठी झाली होती आणि लग्नानंतर तिथे स्थायिक झाली होती. सिनेमांच्या तळाशी तिथल्या भाषेतले शब्द तिनेच लावले होते. ते शब्द माझ्या खालच्या शिवणीवर बरोबर ओळीत बसले, पाटीवर लिहिल्यासारखे.

अंगण भरले. हातगाडी आवरून आलेला फुलवाला होता, दोन परिचारिका होत्या, मुलांना मांडीवर घेतलेले बाप होते, गणवेशातच आलेला एक बस ड्रायव्हर होता. आजीचा सिनेमा सुरू झाला. आजी कारखान्यात आली, व्हायोलिन सुरू झाले. आणि "डोकं ठिकाणावर नसतं" या वाक्याला पहिल्या रांगेतली परिचारिका फसकन हसली.

मग फुलवाला हसला. मग सगळे अंगण हसू लागले. व्हायोलिन एकटेच रडत राहिले. घाईबाई बाजूला उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. कोणी भर रस्त्यात आजीला धक्का मारून पाडावे, तसा झाला होता तो.

खेळ संपला, टाळ्या पडल्या, पण तिने त्या ऐकल्याच नाहीत. ती तडक दुभाषीकडे गेली.

"तुम्ही काय लिहिलंत खाली? नक्की काहीतरी घोळ झालाय!"

"शब्दन् शब्द नीट लावलाय मी," दुभाषीही तापली. "तुमच्या आजी जे बोलल्या, तेच लिहिलंय."

"मग हे हसले का? हसायची जागा आहे का ती? आजीला स्वतःची मुलगी ओळखू येत नाहीये, आणि यांना गंमत वाटते! उद्या हा सिनेमा दाखवायचा नाही. शिडी, काढून टाक."

शिडी माझ्या दोऱ्या सोडत होता, त्या त्याने पुन्हा बांधल्या.

"काढून टाकायच्या आधी मला एक सांग," मावशी मागून म्हणाली. "तू माझ्याकडे पाहिलंस का?"

"कधी?"

"आत्ता. सिनेमा चालू असताना. मी पोट धरून हसत होते."

घाईबाई बघतच राहिली. "तू? मावशी, तूसुद्धा?"

"मी पहिल्या दिवसापासून हसते. आपल्याकडे सगळे असे तोंडं पाडून बसायचे की मला लाज वाटायची, म्हणून तोंड झाकत होते. अगं, रोज दुपारी माझी आई यायची आणि माझ्याच तोंडावर मला नावं ठेवून जायची. त्यात हसू येणार नाही तर काय? हसले म्हणून ते दिवस मला निभावता आले. नाहीतर दुसऱ्या आठवड्यातच कारखान्याला कुलूप लावलं असतं मी."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू थांबतेस कुठे ऐकायला?"

एवढ्यात तो गणवेशातला बस ड्रायव्हर आला. बराच वेळ टोपी हातात धरून तो बाजूला उभा होता. तो दुभाषीशी काहीतरी बोलला. दुभाषी ऐकता ऐकता हसली आणि मग तिने डोळे पुसले.

"हे म्हणतात, मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, म्हणून सांगायला आलो. यांचे वडील यांना ओळखत नाहीत. फक्त बसचा ड्रायव्हर म्हणून ओळखतात. रोज संध्याकाळी हे त्यांना मोटारीतून फिरवून आणतात. उतरताना वडील आभार मानतात आणि सांगतात, माझा मुलगाही बस चालवतो, पण तुमच्याइतकी सफाई नाही त्याच्या हाताला."

मावशी खो खो हसली. ड्रायव्हरही हसला. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, पण मावशीने त्याच्या पाठीवर असा धपाटा मारला की जणू धाकटा भाऊच.

ड्रायव्हर जायला वळला, मग थांबून आणखी एक वाक्य बोलला. दुभाषीने ते जरा घुटमळत सांगितले. "ते विचारतात, ते वाद्य कशाला लावलंय? त्याच्यामुळे आजींचं शेवटचं बोलणं नुसतं वाचलं, त्यांचा आवाज नीट ऐकू आला नाही, म्हणे."

शिडी वरूनच हळू आवाजात म्हणाला, "मी जोडणी करतानाच म्हणालो होतो."

"कधी म्हणालास?"

"म्हणत होतो. तू निघून गेलीस."

त्या रात्री अंगणातल्या बाकावर बसून घाईबाईने पहिल्यांदाच आपला सिनेमा न थांबता, न उठता, पुन्हा पुन्हा ऐकला. शिडी शेजारी बसून होता. मग तिने त्याला मान हलवून खूण केली आणि त्याने व्हायोलिन काढून टाकले. त्या जागी आता फक्त कारखान्यातले आवाज राहिले: मशीन, रस्त्यावरचा हॉर्न, आजीच्या चपला.

दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा जास्त माणसे आली. ड्रायव्हर आपल्या वडिलांना घेऊन आला होता आणि पुढच्या रांगेत बसला होता. घाईबाई या वेळी बाजूला उभी राहिली नाही. मावशीशेजारी शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

लोक हसले. कालच्याहून जोरात हसले. "कामावरून काढूनच टाकायला हवं" या वाक्याला तर खुर्च्या हलल्या. आणि मग आजीचा आवाज आला, "खबरदार! मुलगी आहे ती माझी."

मित्रांनो, इतक्या वर्षांत इतक्या माणसांसमोर मी उभा राहिलो, पण हसणारे अंगण एका वाक्यात असे गप्प झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. कोणी त्यांना रडा म्हणून सांगितले नव्हते. परिचारिकेने शेजारणीचा हात धरला. ड्रायव्हरचे वडील मुलाकडे वळून काहीतरी पुटपुटले. ते मला कळले नाही, पण ड्रायव्हरने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. शेवटच्या रांगेत मावशी हसत होती, तोंड न झाकता, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. घाईबाई सिनेमाकडे पाहतच नव्हती. ती मावशीकडे पाहत होती.

परत आल्यावर माझे काय झाले तेही सांगतो. टोळके पांगले. जो तो कामाला लागला. सिनेमे लोकांच्या खिशातल्या फोनवर जाऊन बसले आणि मी कारखान्याच्या माळ्यावर गेलो. एक पावसाळा मी गळक्या पत्र्याखाली काढला. अंगावर बुरशीचे ठिपके आले, एका कडीला हिरवट कळंक चढला, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. वाईट वाटले, पण आशा सोडली नाही. आपण उपयोगाचे आहोत हे ज्याला ठाऊक आहे, त्याने माळ्यावर पडून कुढत बसू नये.

आणि झालेही तसेच. गेल्या महिन्यात घाईबाई माळ्यावर चढली. त्या समुद्रापलीकडच्या शहरातली मुले आता आपले सिनेमे घेऊन इकडे येणार आहेत आणि ते दाखवायचे काम तिच्याकडे आहे. मावशीने मला उन्हात पसरले, साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसले, कुरतडलेला कोपरा कापून नवा जोडला. तिला आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, पण टाका अजून तसाच सरळ पडतो.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्या घरी, शाळेत, कुठेतरी एखादा जुना पडदा पडून असेल. त्याला ओलीत टाकू नका. वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. आणि तुम्ही काही केलेत, सिनेमा, गोष्ट, काहीही, तर ते फक्त ओळखीच्या माणसांना दाखवून थांबू नका. दूरच्या, अनोळखी माणसांसमोर ते टांगा आणि त्यांच्याकडे नीट बघा. ती कुठे हसतात, कुठे थांबतात, ते पळून न जाता बघा.

पाहुणी मुले शनिवारी पोहोचतील. त्यांच्यातली एक मुलगी म्हणे आपल्या वडिलांवर सिनेमा करून आणते आहे आणि लोक काय म्हणतील या काळजीने तिची झोप उडाली आहे. तिला सांगा, निर्धास्त ये. आम्ही इथे ताठ उभे आहोत.