हरकतीचे तीन ठोके

मी बोलतेय, टेबलावरची पितळी घंटी. कुणी डोक्यात हाणल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा आमच्या कुळाचा रिवाज. आज तो मोडतेय, कारण चर्चच्या सभागृहात माझ्याबद्दल ठराव झालाय: ‘घंटी बिघडली आहे, नवी आणावी.’ मी बिघडलेली नाही. माझा आवाज बसलाय. तो कशापायी बसला हे ठराव मांडणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर ते त्याबद्दल बोलत नाहीत.

सुरुवातीपासून सांगते. उपडी वाटी, आत इवलीशी हातोडी, एक स्प्रिंग आणि डोक्यावर दाबायची खुंटी, एवढाच माझा संसार. कारागिराने मला वाजवून पाहिलं नि तोंड वाकडं केलं. “हिचा आवाज फार चढा,” म्हणाला आणि नापास मालाच्या टोपलीत टाकलं. पण मालाला गिऱ्हाईक असतंच, फक्त त्याची नि मालाची गाठ पडावी लागते. लोखंडी सामानाच्या दुकानाचे शेठ आले, त्यांनी टोपलीत हात घातला. “हीच द्या. मी मागे गोदामात असतो. गिऱ्हाईक आलेलं मला तिथं ऐकू यायला हवं.”

तर अशी मी गल्ल्याशेजारी बसले. बावीस वर्षं बसले. माणूस कसा आहे ते त्याच्या बोटावरून कळतं. भिडस्त माणूस खुंटीला नुसता स्पर्श करतो आणि मग घंटी वाजत नाही म्हणून स्वतःच ओशाळतो. उतावळा पाच-सहा वेळा बडवतो. उधारीवाला वाजवतच नाही, खाकरतो.

शेठ माणूस गोड, पण स्वतःच्या शब्दाचा भारी अभिमान. एकदा एक सुतार खिळ्यांची पुडी घेऊन परत आला. “शेठ, वजन कमी भरलं.”

“माझ्या दुकानात? कमी?” शेठ उसळले.

“मी म्हणतो कमी.”

“तू म्हणतोस, मी म्हणतो, याला काय अर्थ? तोंडाचं काम नाही. काटा आणा, काटा बोलेल.”

शेजारच्या दुकानातून काटा आला. काटा सुताराच्या बाजूने बोलला. शेठचा चेहरा पडला, पण शब्द पाळला. मूठभर खिळे जास्तीचे घातले आणि झिजलेलं वजन त्याच दिवशी भंगारात टाकलं. सुताराच्या मागे मशीनच्या तेलाची बाटली घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं पाहिलं. त्या बाई लक्षात ठेवा.

त्या शिवणमावशी. चर्चच्या मागच्या गल्लीत कपडे शिवायच्या. चौथीनंतर शाळा सुटलेली. पुढचं वाचन त्यांनी मशीनवर बसून, ओळीखाली बोट धरून स्वतःच शिकून घेतलं, आणि शिकायला हाताशी पुस्तक एकच होतं: बायबल. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चार वेळा वाचून झालं होतं. दर शनिवारी चर्च झाडायला, बाक पुसायला त्या जायच्या. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, “रविवारच्या मिस्सेला, उपासनेच्या वेळी, बायबलमधलं एखादं वाचन मी करू का?” उत्तर आलं, “मावशी, तुम्ही फुलांचं बघा.”

शेठही त्याच चर्चचे. त्यांनी दुकान मुलाच्या हाती दिलं तेव्हा मला उचलून चर्चच्या सभागृहात आणलं. तिथं दरवर्षी बायबलच्या प्रश्नांची स्पर्धा व्हायची. अगदी खेळीमेळीची. खेळीमेळीची म्हणजे कशी, तर भांडण झाल्यावर चहा एकत्र प्यायचा. एका बाजूला गायनमंडळ, दुसऱ्या बाजूला चर्च साफ करणाऱ्यांचा गट. त्यांनी स्वतःच आपलं नाव ठेवलं होतं, झाडूमंडळ. मधोमध मी. ज्याचा हात माझ्यावर आधी पडेल त्याने उत्तर द्यायचं. प्रश्न शेठच काढायचे, निकालही शेठच द्यायचे. बक्षीस म्हणाल तर, जिंकलेल्या गटातल्या एकाने पुढच्या रविवारी वेदीजवळ उभं राहून सगळ्या चर्चला वाचून दाखवायचं. सलग दहा वर्षं गायनमंडळ जिंकलं. वाचायचंही तेच, गायचंही तेच. आमेन म्हणायला तेवढं झाडूमंडळ.

आणखी एक नियम होता, कुणी न वापरलेला. निकालावर हरकत असेल तर घंटी तीनदा वाजवायची. हरकत खरी ठरली तर तो गुण हरकत घेणाऱ्याचा. खोटी ठरली तर अख्खा गट पुढच्या वर्षी बाद.

अकराव्या वर्षी काय झालं ठाऊक नाही, पण झाडूमंडळ पेटलं होतं. दोन्हीकडे चौदा-चौदा गुण. प्रश्न एकच उरला. शेठनी कागद डोळ्यांजवळ धरला.

“क्रूस वाहून नेताना प्रभू येशू किती वेळा पडला?”

गायनमास्तरांचा हात विजेसारखा आला. टिंग! “तीन वेळा!”

“बरोबर!” शेठ म्हणाले. गायनमंडळ बाकांवरून उठलंच. कुणीतरी विजयाचा सूरही धरला.

त्या सुरात मी वाजले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाजणार इतक्यात शेठचा रुंद तळवा माझ्यावर येऊन बसला.

“मावशी, काय हे! अहो, तीन वेळा पडला, लहान पोरालाही ठाऊक आहे. चर्चच्या भिंतीवर क्रूसाच्या वाटेची चित्रं आहेत की चौदा!”

“आहेत ना. दर शनिवारी मीच पुसते ती,” मावशी म्हणाल्या. “हात काढा.”

“झालं ते झालं. चहा गार होतोय.”

“होऊ दे गार. हात काढा, शेठ.”

शेठनी हात काढला नाही. मावशींनी मग बोटात राहून गेलेलं शिवणाचं टोपण, सुई टोचू नये म्हणून घालतात ते, तसंच ठेवून शेठच्या बोटांच्या फटीतून खुंटी गाठली आणि सगळा जोर लावून दाबली. शेठ “आई गं!” करून मागे सरले. माझ्या पोटात काहीतरी कडकन तुटलं. तिसरा ठोका ‘टिंग’ असा आलाच नाही. ‘खण्ण’ असा आला. पण आला!

झाडूमंडळातल्या एका बाईने मावशींचा पदर ओढला. “अगं, पुढच्या वर्षीसुद्धा खेळू देणार नाहीत आपल्याला. बस खाली.”

“दहा वर्षं बसलेच आहे,” मावशी म्हणाल्या. “शेठ, प्रश्न बायबलचा आहे की भिंतीचा?”

“बायबलचाच. पण मी सांगतो ना, तीन वेळा...”

“तुम्ही सांगता, मी सांगते, याला काय अर्थ? तोंडाचं काम नाही. काटा आणा.”

शेठनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांना सुतार आठवला असणार. मला तर लख्ख आठवला.

फादर कोपऱ्यात बसले होते. ते बायबल घेऊन उठले, चष्मा शोधू लागले. मावशी म्हणाल्या, “फादर, तुम्ही नको. गायनमास्तरांनीच वाचावं. येशूची कथा सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत कुठंही पडल्याचं सापडलं, तर आमचा गट चालला घरी.”

मास्तरांनी ऐटीत पान उलटलं. मत्तय वाचला. सैनिकांनी शिमोन नावाच्या एका कुरेनेकराला धरून क्रूस वाहायला लावला, आणि पुढच्या ओळीत टेकडी आलीसुद्धा. मार्क वाचला, तेच. लूकमध्ये रडणाऱ्या बायका भेटल्या, मास्तरांचा आवाज जरा वर चढला, पण पडण्याचं नाव नाही. योहान वाचेपर्यंत त्यांचा आवाज बाजारातल्या शेवटच्या भाजीसारखा झाला होता. “...आपला क्रूस स्वतः वाहत तो... गेला.” मास्तरांनी पुस्तक मिटलं.

“मग काय, भिंतीवरची चित्रं उतरवायची का आता?” मागून कुणीतरी चिडून ओरडलं.

मावशी वळल्या. “का म्हणून? तिसऱ्या, सातव्या, नवव्या चित्रात तो पडतो, त्या प्रत्येकापुढं मी गुडघे टेकते. फडकं बाजूला ठेवून टेकते. आपल्या वाडवडलांनी ते पडणं डोळ्यांपुढं आणलं, ते मला खोटं वाटत नाही. पण भिंतीवरचं भिंतीवर आणि पुस्तकातलं पुस्तकात. विचारलंत पुस्तकातलं.”

फादर हसले. “शेठ, काटा बोलला.”

शेठनी बोटं चोळत माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. “हरकत मान्य,” म्हणाले. “पंधरा-चौदा. झाडूमंडळ.” त्या दिवशी चहा खरंच गार प्यावा लागला.

रविवारी सभागृहाचं दार चर्चकडे उघडं होतं, म्हणून मलाही ऐकता आलं. मावशी सावकाश वाचत होत्या. बोट ओळीखाली होतं, हे आवाजावरूनच कळत होतं. एका लांबलचक नावाला अडखळल्या. गायनमंडळात कुणी खोकलं. दुसरी असती तर ते नाव गिळून पुढं गेली असती. मावशी ओळीच्या सुरुवातीला परत गेल्या आणि ते नाव पुन्हा वाचलं, आख्खं, न अडखळता. मग कुणी खोकलं नाही.

आणि आता माझ्यावर ठराव! नवी घंटी म्हणे विजेची आहे, दिवा लागतो. लागो बापडा. मला खिळखिळ्या कपाटात मेणबत्तीच्या तुकड्यांत टाकायला निघाले होते, तेव्हा मावशींनी मला उचललं. आज मी त्यांच्या शिवणयंत्राशेजारी आहे.

मघाशीच शेठ आले होते. त्यांनी मला तीनदा वाजवलं. खण्ण, खण्ण, खण्ण.

मावशींनी मान वर न करता विचारलं, “कशावर हरकत आहे?”

“कशावर नाही. सदऱ्याचं बटण तुटलंय.”

“मग एकदाच वाजवायची.”

“सवय लागावी म्हणून. यंदापासून मी गायनमंडळाकडून खेळणार आहे.”

“या की. आम्ही कुठं जातोय!”

तर बाबांनो, माझ्या आवाजाला घोगरा म्हणा, फुटका म्हणा, माझी हरकत नाही. मला दुरुस्त मात्र करू नका. तो तिसरा ठोका माझ्या पोटात अजून आहे, तो मला हवाय. मी तुमच्यासमोर बसलेय. हवं तेव्हा वाजवा, हवं तितकं बडवा. फक्त माझ्यावर तळवा ठेवू नका. ठेवलात, तर मी बोटांच्या फटीतून वाजेन.