पारा दोनशे तीसवर

मी बीपी मोजायचा डबा बोलतोय. हल्ली बटण दाबलं की आकडे दाखवणारी छोटी मशिनं आली आहेत, त्यातला मी नव्हे. मी पाऱ्याचा. झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते. दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबला की पारा वर चढतो. दाभोळात मला सगळे नुसतं 'डबा' म्हणतात. "सिस्टर, डबा आणलाव काय?" असं विचारत बायका समोर येऊन बसायच्या.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. दमयंती सिस्टर नर्सिंगचा कोर्स पास होऊन घरी आल्या, त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी मला मुंबईहून आणून त्यांच्या हातात ठेवलं, ते मात्र स्पष्ट आठवतं. सिस्टर हसल्या नव्हत्या. नवी नोकरी म्हणून घाबरल्या असतील, असं मला वाटलं.

पुढची बत्तीस वर्षं मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत काढली. गरोदर बाया, म्हातारे खलाशी, बाजारात मासळी विकून दमलेल्या बायका, कितीतरी दंड मी ओळखतो. माणूस तोंडाने "काय नाय, बरा हाय" म्हणतो, पण पट्टा आवळला की आतली धडधड मला कळतेच.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि भावाच्या घरी राहायला आल्या. भाऊ हरिश्चंद्र मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. त्याची बायको पूर्वीच वारलेली, घरात तो आणि त्याची मुलगी दिशा. दिशा बारावी सायन्सला होती. आत्या नर्स म्हटल्यावर भाचीनेही नर्स व्हायचं, हे साऱ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "नोकरी हमखास," असं जो तो सांगायचा. दिशा ऐकून घ्यायची. तिला रक्त बघवत नसे. बापाच्या तळव्यात माशाचा काटा घुसला होता, तेव्हा ती मागीलदारी जाऊन ओकली होती.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे सव्वानऊ वाजले असतील. दिशाने मला कपाटातून काढलं. "आते, बीपी बघायला शिकव. सगळे नर्स हो, नर्स हो म्हणतात. निदान हे जमतं का ते तरी कळू दे."

सिस्टरांनी दंड पुढे केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बत्तीस वर्षांत हा दंड माझ्या पट्ट्यात कधीच आला नव्हता.

दिशाने फुगा दाबला, कानाला नळ्या लावल्या. पारा दोनशेच्या वर गेला आणि दोनशे तीसवर पहिला ठोका पडला. मी हादरलो. गावभर गोळ्या वेळेवर घ्या म्हणून सांगत फिरणारी बाई, आणि तिच्या आत हे?

"आते, दोनशे तीस येतंय."

"चुकलं असेल गो तुझं." मग स्वतः नळीकडे बघून त्या म्हणाल्या, "डबा जुना झालाय. पारा अडकतो त्याचा."

माझा एवढा अपमान कधी झाला नव्हता. आणि मला बोलता येत नव्हतं.

दिशाने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. दोनशे अठ्ठावीस. मग तिने जे केलं ते तिला कोणीच शिकवलं नव्हतं. तिने पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि एका हाताने फुगा दाबला. एकशे दहा. "डबा ठीक आहे, आते," ती म्हणाली. "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"भात तर होऊ दे. दुपारी जाऊ."

त्यावरून दोघींची बाचाबाची झाली. दिशा शेजारच्या विनोदला रिक्षा घेऊन ये असं सांगून परत आली, तर सिस्टर चुलीपाशी उभ्या. त्यांच्या हातातली पळी खाली पडली. ती उचलायला वाकल्या आणि त्यांना सरळ होता येईना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी बोलत होत्या, पण त्याचे शब्द होत नव्हते.

शेजारच्या मथुराकाकी धावत आल्या. "अगो, पाणी पाज तिला. कांदा हुंगव."

"काकी, पाणी नको. गिळता येणार नाही, ठसका लागेल." दिशाने आत्याला कुशीवर निजवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खडूने दारावर लिहिलं, नऊ चाळीस. अक्षर वेडंवाकडं आलं.

विनोदने रिक्षा थेट फेरीबोटीवर चढवली. खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला उतरायचं आणि तिथून चिपळूण गाठायचं. दिशाने मलाही पिशवीत घेतलं होतं. बोट खाडीच्या मध्यावर असताना तिने परत पट्टा बांधला. त्या वेळी सिस्टरांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पेशंटांच्या डोळ्यांत हजारदा पाहिली होती. सिस्टरांच्या डोळ्यांत ती दिसेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

चिपळूणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?"

"नऊ चाळीसला पळी पडली."

"नेमकी वेळ कळली ते फार बरं झालं, पुढचे उपचार त्यावरच ठरतात," डॉक्टर म्हणाले आणि सिस्टरांना आत नेलं.

सिस्टर वाचल्या. पण उजवी बाजू गेली, आणि बोलणं दहा-बारा शब्दांवर आलं. त्या सोळा दिवस तिथे होत्या. दिशाने उशाशी बसून बारावीचा अभ्यास केला.

खरा धक्का मला तिथे बसला, आणि मला वाटतं दिशालाही. शेजारच्या खाटेवर आजगावकर आजी म्हणून एक बाई होत्या. एका दुपारी त्यांना अंथरुणातच शी झाली. त्यांची सून नाकाला पदर लावून बाहेर गेली. वॉर्डातली नर्स, सानिका, एकटी होती. तिने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "कोणी जरा धरेल का यांना?"

सगळे भिंतीकडे बघत राहिले. दिशा उठली. तिने आजींना कुशीवर वळवून धरलं. सानिकाने पुसलं, चादर बदलली. आजी रडत होत्या, माफ कर म्हणत होत्या. दिशा म्हणाली, "आजी, माझ्याकडे बघा. झालंच आता."

मी तिच्याकडे बघत होतो. आता ही ओकेल, मला खात्री होती. ती ओकली नाही. हात धुऊन आली आणि स्टुलावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"घाण वाटली का?" सानिकाने विचारलं.

"वाटली ना. पण पाय मागे गेले नाहीत."

त्या रविवारी हरिश्चंद्र बोटीवरून आला. दिशाने त्याला सांगितलं, नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. त्याने बहिणीकडे बोट दाखवलं. "हिचं काय झालं बघतेस ना? लोकांचं करता करता स्वतःकडे बघितलं नाय हिने. एका घरात एक पुरे."

तेव्हा सिस्टरांनी डाव्या हाताने दिशाचं मनगट धरलं. महत्प्रयासाने तीन शब्द काढले. "मला... नको... होतं."

कोणालाच कळेना. दिशाने पुन्हा विचारलं, "काय नको होतं, आते? नर्स व्हायचं?"

सिस्टरांनी मान हलवली. होय. हरिश्चंद्र मटकन खाटेच्या कडेला बसला. त्याला शाळकरी वयातलं आठवलं. बहिणीला शिक्षिका व्हायचं होतं, आणि वडिलांनी तिचा दुसराच फॉर्म भरला होता. हे तो पार विसरून गेला होता. मीही सुन्न झालो. बत्तीस वर्षं मी ज्यांच्या खांद्यावर होतो, त्यांच्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट मला ठाऊक नव्हती.

दिशाने महिनाभर फॉर्मचा विषय काढला नाही. आत्याला ती अंघोळ घालायची, कूस बदलायची, घास भरवायची. परीक्षा दिली. मग एके दिवशी बापासमोर बसून शांतपणे म्हणाली, "आतेला कोणी विचारलं नाही. तुम्ही मला विचारा."

हरिश्चंद्र म्हणाला, "बरं, विचारतो. व्हायचंय तुला?"

"व्हायचंय."

तिला रत्नागिरीत प्रवेश मिळाला. पहिल्या सुट्टीत ती घरी आली ती वाळून. तिच्या वॉर्डात तिच्याच वयाची एक मुलगी गेली होती. सकाळी जिची वेणी घातली, ती दुपारी नव्हती. "आते, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. परत जाऊ नये असं वाटतंय. माझा निर्णय चुकला असेल तर?"

सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजारपणानंतर त्यांच्या तोंडून तीन शब्दांहून लांब वाक्य आलंच नव्हतं. त्या शब्द गोळा करत राहिल्या. दिशा थांबली. मधे एकही शब्द तिने सुचवला नाही.

"मी," सिस्टर म्हणाल्या, "रोज सकाळी... नव्याने ठरवायची."

हरिश्चंद्र दारात उभा होता, तो तसाच आत न येता परत फिरला. दिशाने आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. सोमवारी पहाटेच्या एसटीने ती रत्नागिरीला गेली.

आता माझं. माझ्या नळीला तडा गेला आहे. पारा विषारी असतो, म्हणून मला भंगारात देता येत नाही. उद्या आरोग्य केंद्रातली माणसं येऊन मला बंद डब्यातून घेऊन जाणार आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. एवढंच सांगून जातो, तुमच्या घरातली एखादी मुलगी नर्स होते म्हणाली, तर लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. आधी तिला विचारा. आणि ती उत्तर देईपर्यंत थांबा.