सावित्रीबाईंची गाणी कोणती?

केशवरावांनी सरकारी नोकरीत एक गोष्ट इमानेइतबारे केली होती. समोर आलेल्या कागदाला कधी नाही म्हटलं नाही. त्यामुळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘वापरण्याआधी फॉर्मॅट करावं लागेल, करू?’ अशी पाटी झळकली, तेव्हाही त्यांनी सवयीने हो म्हटलं. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि सावित्रीबाईंचा गाणी ऐकायचा चिमुकला प्लेअर झाडूनपुसून रिकामा करून ठेवला.

हेतू चांगलाच होता. सावित्रीबाई भाचीच्या मुलाच्या बारशाला नांदेडला गेल्या होत्या आणि प्लेअर उशीखाली विसरल्या होत्या. तेवढ्यात त्यात चार अभंग भरून ठेवले तर बाई खूश होईल, असं केशवरावांना वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता परत भरावीत म्हटलं तर गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी करून वरच्या मजल्यावरच्या त्रिवेणीने भरून दिली होती. त्रिवेणी लग्न होऊन दुबईला गेली आणि तिचा इथला नंबर बंद पडला होता. सावित्रीबाई परवा येणार होत्या. त्या भांडल्या असत्या तर बरं, पण त्या भांडत नसत. ‘असू दे’ म्हणत, आणि मग आठवडाभर घरात फक्त कुकर बोले. शिवाय घरातली खास तिची म्हणावी अशी ही एकच वस्तू होती. बाकी सगळं सगळ्यांचं होतं. ती एकच आपण पुसून टाकली, याची केशवरावांना मनापासून लाज वाटत होती.

आबिड्सच्या बाजारातल्या एका गल्लीत फय्याजभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी प्लेअर उलटासुलटा करून पाहिला आणि धीर दिला. पुसलेलं खरं पुसलेलं नसतं, वरून काही भरलं नसेल तर निघतं, असं ते म्हणाले. “गाने मिल जाते अंकल. खाली नामां नई मिलते. परेशान नक्को हो.”

दुसऱ्या दिवशी केशवराव गेले, तर नवंच झेंगट उभं होतं. फय्याजभाईंनी त्याच सकाळी आणखी एका गिऱ्हाइकाच्या प्लेअरमधली गाणी काढली होती आणि दोन्हींचा ढीग चुकून एकाच फोल्डरमध्ये पडला होता. नावं गेलेली, नुसते आकडे उरलेले. कुठलं कुणाचं, ते आता कुणालाच कळत नव्हतं. फय्याजभाईंनी जीभ चावली, चहा मागवला आणि केशवरावांच्या कानात वायरी घातल्या.

“आप सुनको बोलो, कौनसे आपके.”

केशवरावांना ते सोपं वाटलं. इतक्या वर्षांचा संसार, त्यात काय ओळखायचं? पहिला अभंग लागला, टाळ वाजले, त्यांनी मान डोलावली. हे आमचं. दुसरं भजन, तेही आमचं. तिसऱ्याला एकदम हलगीसारखा डप्पू कडाडला आणि कुणी बाई तेलुगूत ठसक्यात गाऊ लागली. हे नाही. पुढचं दखनीत, एक बाई आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करत होती आणि मागे बायका खिदळत होत्या. छे, हे तर नाहीच. मग भावगीत आलं आणि केशवरावांचा हात हवेतच राहिला. आवडत असेल? असेलही. मग गझल आली. तिला उर्दू कळतं का? बाजारात तर बोलते.

तिथून जो गोंधळ सुरू झाला तो थांबेना. त्यांनी सुनेला, प्रियदर्शिनीला ऑफिसात फोन लावला. ती म्हणाली, आईंच्या कानात वायरी असतात, बाहेर कुठे काय ऐकू येतं, बाबा तुम्हालाच माहीत असेल. तुम्हालाच! केशवरावांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी एक घोट घेतला. शेवटी धीर करून त्यांनी नांदेडला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, बाळाची विचारपूस झाली, आणि मग त्यांनी आवाज साधा ठेवत विचारलं, “तुला गाणी कसली आवडतात गं?”

पलीकडून उलटाच प्रश्न आला.

“अहो, बरं आहे ना तुम्हाला? ताप-बिप नाही ना?”

बरं आहे, सहज विचारलं, असं ते म्हणाले. पण तिकडे पाळणा सुरू झाला आणि बायकांच्या गलबल्यात फोन कट झाला.

मग केशवरावांनी आपल्या बुद्धीने निवाडा केला. अभंग, भजनं, आरत्या आणि भावगीतं घेतली. डप्पू, घोरणं, गझला, सगळं सोडलं. फय्याजभाई निवडलेली गाणी प्लेअरमध्ये भरत होते, तोच ते दुसरं गिऱ्हाईक आलं. हिम्मतराव नावाचे धिप्पाड गृहस्थ, मराठीच निघाले. गोंधळ ऐकून त्यांनी एक वायर कानात घातली आणि पहिल्याच अभंगाला हसले.

“अहो, ही पेटी मीच वाजवतोय. आमच्या भजनी मंडळाचं आहे हे.”

दुसरंही त्यांचंच, तिसरंही. भावगीतं त्यांच्या वहिनींनी घरी गायलेली, त्यात मागे त्यांचा कुत्रा भुंकत होता. केशवरावांनी बायकोची म्हणून वेचलेलं झाडून सगळं हिम्मतरावांचं निघालं. ते आपलं घेऊन गेले आणि पडद्यावर उरलं ते केशवरावांनी नको म्हटलेलं.

“तो ये सब आपके,” फय्याजभाई म्हणाले.

केशवरावांनी पुन्हा वायरी घातल्या. डप्पू कडाडला. या खेपेला ते पूर्ण ऐकत राहिले. संध्याकाळी गॅलरीत कानात वायरी घालून शेंगा सोलताना सावित्रीचा पाय सारखा हलत असतो, हे त्यांना आठवलं. गुडघा दुखतोय असं समजून ते किती वेळा तेलाची बाटली घेऊन गेले होते, आणि तिने मुकाट्याने तेल चोळून घेतलं होतं. मग ती घोरण्याची नक्कल आली. ती तर हुबेहूब त्यांचीच वाटत होती. हसावं की काय करावं, ते त्यांना कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. सावित्रीबाईंच्या मनातून मघाचा प्रश्न गेला नव्हता.

“काय विचारत होतात?”

केशवरावांनी सांगून टाकलं. चुकून सगळं पुसलं गेलं, परत मिळालं, आणि आता दुकानात बसून मी तुझी गाणी ऐकतोय.

“कोणती?” तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“सगळी.”

तिकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “रागावलात का?”

असं का विचारते ही? आपण कधी, कशावर रागावलो होतो, ते केशवरावांना काही केल्या आठवेना. तिला मात्र आठवत असणार.

“नाही गं,” ते म्हणाले. “मला यातलं एकही ओळखता आलं नाही.”